दुसरी रेघ

भिलवडीच्या मळीत वांग्यांना काटे असतात
आणि काट्यांवर इथल्या माणसांचा जीव.
"बोटाला टोचलं नाही ते वांगं पुण्याला पाठवा,"
दस्तगीर मुलाणी म्हणतात,
देठाकडून धरून एक माझ्या पिशवीत टाकतात.

मी वांग्यांसाठी आलेली नाही.
मी कॉलेजच्या प्रयोगशाळेची मदतनीस.
माझ्याकडे नळ्या, चिमटा, तीस पट्ट्यांचा डबा
आणि सरांनी आखून दिलेलं रजिस्टर:
झाड क्रमांक, ठिकाण, मालक, निकाल.

दोन वर्षांमागं कुणाच्या तरी पाहुण्यानं
एक पाकीट आणलं होतं. त्यावर नाव नाही, गाव नाही.
"अळी लागत नाही म्हणाला. नाही लागली."
मुलाणी एवढंच सांगतात, टोपी सारखी करतात.
त्या सऱ्या केव्हाच उपटून झाल्या. तिथं आता हरभरा आहे.

म्हणून मी बांध ओलांडते.

घाटाच्या पायऱ्या संपतात तिथं,
मसणवट्याच्या पत्र्यामागं, रानवांगं.
कुणी लावलेलं नाही, पाणी पाजलेलं नाही,
त्याचा सातबारा निघत नाही.
फळं गोटीएवढी, पिकली की
पेवातून नुकत्याच काढलेल्या हळदीसारखी.
शेळीसुद्धा वळसा घालून जाते.

लहानपणी आम्ही ही फळं फोडायचो
ते फक्त अळी बघायला.
एक तरी असायचीच, गुलाबी, लाजल्यासारखी,
आपल्या भुयारात अर्धी वळलेली.
आज मी अकरा फळं फोडली.
अकराही आतून शाबूत, सगळं बी जागच्या जागी,
जणू इतकी वर्षं राहून गेलेल्या भाडेकरूनं
भिंतीला कधी खिळाही मारला नव्हता.

पान चुरडायचं. थेंबभर द्रावण. पट्टी बुडवायची.
पाच मिनिटं थांबायचं.
एक रेघ म्हणजे पट्टी चांगली आहे, एवढंच.
असल्या पट्टीसमोर मी पूर्वीही थांबले आहे,
बाथरूमच्या खिडकीच्या उजेडात,
नवऱ्याला हाक न मारता, आठ वर्षं.
तेव्हा एकच यायची.

इथं दुसरी आली.
आधी डोळ्यांचा भास, मग फिकट, मग ठाम.

"सोयरीक कुणी जुळवली?" मुलाणी विचारतात.
मी फुलाकडं बोट करते.
जांभळ्या पाकळ्या ओझ्यानं खाली वाकलेल्या,
वर काळा भुंगा, पंख मिटलेले,
अंग मात्र आतल्या आत घुमतंय.
वांग्याचा पराग मागून मिळत नाही,
हादरवून काढावा लागतो,
पावसाळ्यात मिठाच्या डबीतून मीठ काढावं तसा.
मधमाशीला ते जमत नाही. याला जमतं.
कागदावर तीनशे मीटर अंतर लिहिलेलं असतं.
भुंगा निरक्षर.

"मग आम्हाला अक्षता कशा नाहीत?"
ते हसतात, मग हसणं आवरतात,
रानवांग्याकडं बराच वेळ बघतात,
कालपर्यंत परक्या असलेल्या माणसाला
आता घरच्या कार्याचं बोलावणं धाडावं लागणार, तसं.

नदी दर दोन-चार वर्षांनी या पायऱ्या चढून वर येते.
परत जाताना काय काय नेते: ओंडके, चपला, बी.
डिग्रज, सांगली, हरिपूरचा संगम, म्हैसाळ,
त्यापुढं कानडी बोलणारे काठ.
तिथल्या झुडपांपुढं कोण बसणार पट्टी धरून?
आणि ती अळी?
तिची नोंद कुठल्या रजिस्टरात?

मी लिहिते: झाड क्रमांक सात. घाट, उत्तर बाजू.
निकाल: दोन रेघा.
'मालक' या रकान्यात पेन टेकलेलं राहतं
आणि शाईचा एक ठिपका पसरत जातो.

संध्याकाळी एसटीत
पिशवीतलं वांगं मांडीला टोचत राहतं.
भाजायच्या आधी चीर देऊन आत बघायचं असतं.
आई म्हणायची, अळी नसली म्हणजे बरं.
सांगलीचा स्टँड येईस्तोवर
मी तेवढ्या एका वाक्यावर अडून बसते.