क्ल्यूच

तांडापेठेत, नाईक तलावाच्या अंगाला,
शालिकराममामाच्या गॅरेजात गाडी कधीच नव्हती.
खड्डा होता.
"गाडी येईन ना बे," मामा म्हणे,
"खड्डा आधी लागते."

तो त्यानं खोदला नव्हता.
आजोबांचा माग होता तिथं.
चाळीस वर्षं पाय खाली सोडून पावड्या दाबल्या त्यांनी,
अर्धे जमिनीत, अर्धे लुगड्याच्या काठात.
माग गेला सरपणाच्या भावात.
खड्डा कोण विकत घेणार?

मामा सोनेगावच्या डेपोत फिटर.
एक्याऐंशी साली सरकारनं त्याला गोर्कीला धाडलं,
चौदा महिने, विमानाचं पोट उघडायला शिकायला.
शिकला असेल तेही.
परतल्यावर बोलला मात्र गेनादीच्या गॅरेजाबद्दलच.

तिकडे म्हणे शहराबाहेर लोखंडी दारांच्या रांगाच रांगा.
घरी दोन खोल्यांत सहा माणसं,
म्हणून संध्याकाळी बाप्या सांगतो, गाडी पाहून येतो,
आणि गॅरेजच्या तळघरात कोबी खारवत बसतो.
बाटली तिघांत एक.
गेनादीकडे मॉस्क्विचचं अर्धं इंजिन होतं
आणि उरलेल्या गाडीची वाट पाहायची सवय.

मंजुळामामीच्या लोणच्याच्या बरण्या त्या वर्षापासून नाहीशा होऊ लागल्या.
झाकणं फळीला खालून ठोकलेली,
बरण्या उलट्या लटकलेल्या:
वायसर, चिमट्या, मागाची दोन तुटकी धोटी,
एकीत अजून भिवापुरी मिरचीचा वास.
"रशियात असंच ठेवतेत."
"मंग रशियातच जेवा," मामी म्हणाली.

कुलपावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला होता,
झडपेसारखा.
तिकडे तो बर्फासाठी असतो.
इथं मे महिन्यात कुलूप हाताला चावतं.
त्याच महिन्यात गल्लीभरचे कूलर मामाकडे येत,
गंजलेले, लाकडाची कात गळणारे,
आणि त्यांच्या मागोमाग माणसं:
मोमीनपुऱ्याचे अन्वरभाई, चिंधू पराते,
एक रिटायर टीसी, ज्याच्या कूलरला कधीच काही झालेलं नसे.
मी बल्ब धरायचो.
एक पंप उघडायला चौघांना तीन तास लागत
आणि त्यातले अडीच कोणालाच परत नको असत.

"क्ल्यूच दे," मामा हात पुढे करी.
म्हणजे पाना.
म्हणजे किल्लीसुद्धा, त्यांच्यात शब्द एकच.
"तिसरा बी अर्थ हाय, गेनादीनं सांगतला होता.
इसरलो."
हे तो वर्षानुवर्षं म्हणत आला,
खिळा हरवल्यासारखा इकडेतिकडे पाहत.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात पार्सल आलं.
पत्त्यातलं शहर वेगळंच,
मामाला वाटलं गेनादीनं घर बदललं.
नावच बदललं होतं शहराचं.
आत सतरा-एकोणीसचा एक पाना आणि चार ओळी:
पगाराऐवजी कारखान्यानं हे वाटले.
बटाटे पुरतील. इंजिन तसंच आहे.
मामानं पाना तेल लावून टांगला.
वापरला नाही. आपल्याकडे तो मापाचा नटच नव्हता.

मग एका भादव्यात तलाव तुडुंब भरला
आणि खड्ड्यात खालून पाणी आलं.
फुगे येत होते, वाळूचे दाणे नाचत होते.
मामी ओरडली, बरण्या काढा, मोटार लावा,
अन्वरभाई कूलरचा पंप घेऊन धावले.

मामा काठावर बसला.
पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्यानं पाय सोडले,
आजोबा सोडत तसे,
आणि खदखदा हसायला लागला.
"क्ल्यूच!" म्हणाला, "अबे, हाच! झरा! झराच म्हणतेत!"

अन्वरभाई पंप हातात घेऊन उभे.
कोणता पाना पाहिजे,
त्यांना कळेना.