चारशे सात

ऑर्टविन दर शनिवारी वीस लिटरच्या कॅनमध्ये
टू-स्ट्रोक ऑइलचे पाच पेले ओततो.
आधी ऑइल, मग डिझेल. उलटं केलं तर वरच तरंगतं, म्हणतो.
मी कितीदा सांगितलं, तरंगत नाही, विरघळतं.
तो म्हणतो, तेच ना.

पेला खोकल्याच्या औषधाचा आहे.
आई रात्रपाळीला गेली की ह्याच पेल्याने
तो मला औषध पाजायचा, रेघ डोळ्यांसमोर धरून.
मी चार वर्षांची, तो सोळा.
रेघा आता पुसल्यात. हाताला माहीत आहेत.

मी ओडरच्या काठी, शुद्धीकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेत
सत्तावीस वर्षं एक गोळी घासते.
पोलादी गोळी, मटाराएवढी.
डिझेलात बुडालेली, साठ अंशांवर,
खालच्या चकतीवर एक मिलिमीटर पुढे, तेवढंच मागे,
सव्वा तास.
मग तिला पुसून भिंगाखाली धरायची
आणि पोटावरचा व्रण मोजायचा.
चारशे साठ मायक्रॉनपर्यंत चालतं.
त्याच्या वर गेला की टँकर दाराशी उभे राहतात
आणि लोक मला फोन करतात.

गंधक आम्ही काढलं. काढायलाच हवं होतं.
पण ते काढताना त्याच्या सोबतीचं काहीतरी निघून गेलं,
जे पंपातल्या लोखंडाला लोखंडापासून
केसभर, केसाहूनही कमी, दूर ठेवायचं.
डिझेल कोरडं झालं. कोरडा घास अडकतो.
म्हणून ते आम्ही परत घालतो,
दहा लाखांत दोनशे भाग.
‘म्हणजे तुम्हीही ओतताच की,’ ऑर्टविन म्हणतो.
ह्याला उत्तर आहे माझ्याकडे,
पण ते लांब आहे आणि बटाटे गार होतात.

भिंत होती तेव्हाची त्याची पहिली गाडी
पेट्रोलमध्येच ऑइल पिऊन निळा धूर सोडायची.
टाकी भरली की तो बंपर धरून तिला हलवायचा,
मिसळावं म्हणून. सगळेच हलवायचे.
पंपावर रांगेत सात-आठ माणसं
आपापली गाडी झोपाळ्यासारखी झुलवतायत,
आणि मी मागच्या सीटवर, हसून हसून पोट दुखतंय.

मागच्या वर्षी माझ्या नव्या गाडीत त्याने न विचारता ओतलं.
मी ओरडले. फिल्टर, राख, वॉरंटी, सगळं काढलं.
तो गप्प राहिला. मग म्हणाला,
‘तुला खोकला झाल्यासारखा वाटला तिला.’

नोव्हेंबरात त्याच्या कॅनमधलं थोडं डिझेल
मी मुरंब्याच्या बरणीतून कारखान्यात नेलं.
नियमात बसत नाही ते. रविवार होता.
आमचं नुसतं: चारशे सात.
त्याचं, पाच पेले घातलेलं: चारशे बारा.
पाचाचा फरक म्हणजे फरकच नाही,
गोळीचा स्वभाव, भिंगामागचा थकलेला डोळा.
न झालेला फायदा मी कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवला.

त्याने चष्मा लावून वाचलं, दोनदा.
‘आणि माझा पंप? पंचेचाळीस वर्षांचा?
तो घासलास का गोळीबरोबर?’
नाही घासला.
‘तुझ्या सहीवर माझा विश्वास आहे, गेझीने,’ तो म्हणाला,
‘पण सही काही ओशट नसते.’

कागदाची घडी करून त्याने डुगडुगणाऱ्या टेबलाखाली घातली,
आणि ट्रॅक्टर चालू केला.
‘ऐक.’
मी ऐकलं.
खरं सांगायचं तर आवाज थोडा मऊ वाटला.
आमच्या नोंदवहीत आवाजाला रकाना नाही.

मग तो फाटकाकडे निघाला,
रूळ ओलांडताना दणके बसतात, नीट मिसळतं म्हणून.
रेल्वे बंद होऊन अकरा वर्षं झाली.
रूळ आहेत अजून.
तिकडून जाऊन तो तसाच परत येतो.