बोकड चौकटीबाहेर

पहाटे साडेचारला देगलूरच्या स्टँडावर
हैदराबादची गाडी उर्दूचा गठ्ठा टाकते,
नांदेडची मराठीचे सात,
बोधनकडून तेलुगूचे दोन,
कानडीच्या फक्त तीन कॉप्या, त्यातली एक
हिरेमठ डॉक्टरांची, दोन कुणाच्याच नसतात.
तीस वर्षं सुतळी तोडतोय.
मांजरा नदी तेवढी एक.
मराठीत तिचं पाणी पळवलेलं असतं,
तेलुगूत अडवलेलं,
कानडीत त्या दिवशी क्रिकेट असतं.
विकणाऱ्यानं वाचू नये, असं माझा बाप म्हणायचा.
मी वाचायचो. फक्त बोलायचो नाही.

तर बाजारच्या दिवशी मष्णाजीचं बोकड सुटलं.
बोकड पुढं, तुटलं दावं घेऊन मष्णाजी मागं,
त्याच्या मागं हसत सहा-सात जण,
चाँदपाशाचा वांग्यांचा ढीग पांगला,
एक चप्पल हवेत.
कुण्या पोरानं मोबाईल धरला. चौदा सेकंद.
बोकड जोरात होतं.
ते चौकटीबाहेर गेलं होतं.

रात्री ते चौदा सेकंद टीव्हीवर.
खाली लाल पट्टी, शहराचं नाव भलतंच,
चार खिडक्यांत चार कोट:
हे कुणापासून पळतायत? यांना कोणी पाठवलं?
दुसऱ्या दिवशी दम्मामहून चाँदपाशाच्या जावयाचा फोन,
"मामू, तुमारे बैंगन इधर टीव्ही पे दिख रैं,
पन मुलुक दुसराच बोल रैं."
आणि कुठल्याशा थंड देशात म्हणे
मष्णाजीच्या पाठीवरून सभागृहात वाद झाला,
असल्या लोकांना आत घ्यावं की नाही.
मष्णाजीनं अजून लातूर पाहिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी हॉटेलात
सायलू कपबशी ठेवता ठेवता म्हणाला,
"खरं सांग बे, कामून पळायलतास?"
"बोकड सुटलं होतं की."
"ते हाय. पण मागं कोण लागलं होतं?"
सायलू स्वतः होता त्या सहा-सात जणांत.
पोट धरून हसत होता.
टीव्हीत हसणं ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड उघडं दिसत होतं,
आता त्यालाही वाटायलं,
आपण ओरडतच होतो.

बोकड त्याच संध्याकाळी कामारेड्डीच्या व्यापाऱ्यानं नेलं.
साक्षीला दावं उरलं.
मष्णाजी ते खिशात घेऊन हिंडायचा,
आधार कार्डाच्या शेजारी.
कुणी विचारलं की दोन्ही काढायचा.
माझ्याकडं आला. "इरबा, तू पेपरवाला. छाप की."
म्हटलं, मी विकतो, छापत नाही.
तो गेला, आणि हे वाक्य
दिवसभर गल्ल्यातल्या खोट्या नाण्यासारखं
हाताला लागत राहिलं.
संध्याकाळी गाड्यांच्या वेळांच्या फळ्यावर,
बोधन आणि उदगीरच्या मधल्या जागेत,
मी खडूनं लिहिलं: ते बोकड होतं.
गाडीची वाट बघणाऱ्यांनी वाचलं.
एकानं विचारलं, कोणत्या पार्टीचं?
कंट्रोलरनं पुसलं.

आता मष्णाजी बाजारात पळत नाही.
मागल्या बाजारी त्याची पाट सुटली,
तर हा उभाच. दावं हातात,
आधी भोवतालचे मोबाईल मोजत.
पाट स्टँडातून पार हणेगाव रोडला.
मी हातातला गठ्ठा टाकला.
साठीचा माणूस, गुडघा धड नाही,
पायजमा वर धरून पळालो.
वाटेत पंक्चरवाल्याची बादली सांडली,
कुणीतरी हसलं, कुणीतरी मोबाईल काढला,
कुणीतरी ओरडलं,
"इरबा, मागं कोण लागलंय?"

मागं नाही रे.
पुढं बघ.