ओळ दोनशे चौदा

पंचवटीत, टायरच्या दुकानावर,
जिन्याला रबराचा वास, वर स्टुडिओ.
भिंतींना गोधड्या, खिडकीला जुनी गादी,
तरी हायवेचा हॉर्न आत येतोच
आणि परग्रहावर लढणारा सैनिक
नाशिकच्या ट्रकखाली येता येता वाचतो.

मी शिव्या लिहिते.
ओळीमागे पैसे मिळतात.
तक्त्यात एक रकाना असतो : तीव्रता, एक ते पाच.
शेजारी दुसरा : ओठ किती वेळ हलतात.
त्यांची शिवी एका झटक्यात संपते,
दार आपटल्यासारखी.
आपली आधी नातं सांगते,
मग त्या नात्याचं काय करायचं ते सांगते,
तोवर सैनिकाचं तोंड मिटून
पुढच्या गोळीसाठी पुन्हा उघडलेलं असतं.

म्हणून कापते. ‘आईच्या’वर थांबवते,
उरलेलं ज्याचं त्याने भरावं.
‘च्यायला’ला एक दिला, ‘भडव्या’ला तीन,
‘रांडेच्या’पाशी मात्र अडले.
सिन्नरची माझी आत्या
दूध सांडणाऱ्या मांजराला, कोरड्या नळाला
आणि बोर्डात आलेल्या पुतण्याला
तेवढंच म्हणायची.
सूर लिहायला रकाना नाही.

आवाज : विश्राम खैरनार.
दिवसा अंबडच्या कारखान्यात व्हॉल्व्ह तपासतो,
संध्याकाळी सात ते नऊ मरतो.
चपला बाहेर काढतो,
माइकला बोट लावून कपाळाला लावतो
आणि मग जे सुटतो
त्याने गोधड्या तापतात.
मध्येच पाणी पितो. "सॉरी हां, ताई," म्हणतो.
लिहिलेलं माझं, माफी तो मागतो.

दिवाळीनंतर तिकडून निरोप आला.
सरदार मरताना वेगळं काही हवं,
आया-बहिणी फार झाल्या,
मातीतलं द्या. तीव्रता पाच.

दोन रात्री काही सुचलं नाही.
तिसऱ्या दिवशी पिंपळगावच्या बसमध्ये
पुढच्या सीटवर दोघे औषधांच्या भावावरून बोलत होते,
आणि माझ्या वहीत उतरलं :
तुझ्या बागेला डावणी लागो.
ओठ मोजले. बसत होतं,
सरदाराला मरायला तसा वेळ होता.
अर्थ कळवला : द्राक्षावरचा रोग,
पानाच्या पाठीला पांढरी लव,
आठवड्यात घड काळे.
उलट टपाली प्रश्न :
याला पाच का? आम्हाला दोन वाटतं.

विश्रामने कागद घेतला. वाचला.
हेडफोन काढून गळ्यात अडकवला.
"हे नको, ताई."
मला वाटलं, उच्चार अवघड जातोय.
"आईवरनं द्या. बहिणीवरनं द्या.
माझ्याच घ्या पाहिजे तर.
पण हे नाही बोलणार मी.
तीन दिवस झाले, दिंडोरीकडे नुसतं ढगाळ.
भावाचा माल फुलोऱ्यात आहे."

मशीन चालूच राहिलं होतं.
त्यात एवढंच आहे :
आत ओढलेला एक श्वास,
नरड्याशी येऊन थबकलेला,
आणि खालून, टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज.

तक्त्यात मी लिहिलं,
ओळ दोनशे चौदा. मजकूर नाही. तीव्रता पाच.
आश्चर्य म्हणजे, त्यांनी ते तसंच ठेवलं.

आता माझा मुलगा तिथवर पोचलाय.
पडद्यावर सरदार गुडघ्यांवर,
ओठ हलतायत, शब्द नाहीत.
"बग आहे गं, आई. इथली शिवी राहिली."
मागे जाऊन पुन्हा मारतो. पुन्हा तोच श्वास.
मग मी ऐकत नाही असं धरून
त्या उघड्या तोंडात
कॉलेज रोडवरची स्वतःचीच एक घालतो.

दोन, मी मनात लिहिते.
फार तर अडीच.