दीड पिंप

कोर्टाबाहेर निंबाखाली माझं गोदरेजचं मशीन.
प्रतिज्ञापत्र, वारसदाखला, बक्षीसपत्र.
तीस वर्षं लोकांच्या शपथा टाइप केल्या,
कुणाच्या शपथेत पदरचा स्वल्पविराम घातला नाही.

गायधनी सर आले ते कापडी पिशवी घेऊन.
"कादंबरी आहे. ऐतिहासिक. पानाला काय घ्याल?"
म्हटलं, कोर्टाचाच भाव.
"समुद्र फार आहे हो तिच्यात," सर म्हणाले,
जसं काही समुद्राचा दर वेगळा लागतो.

साल अठराशे त्रेचाळीस. जहाज मोरसला निघालेलं.
मोरस म्हणजे मॉरिशस, चहा ढवळत त्यांनी सांगितलं.
आमच्या घरी साखरेच्या डब्याला मोरसचा डबा म्हणत.
मी तो कितीदा घासला असेल.
आत बेट आहे हे ठाऊक नव्हतं.

थळ घाट पायी उतरून आलेली माणसं:
सिन्नरचा भिवा साळी, मागावर अर्धं लुगडं सोडून आलेला.
चांदोरीची सारजा, मुकादमाला वय खोटं सांगितलेली.
सुरगाण्याकडचा बारकू, त्याला वाटलेलं
मोरस हे घाटाखालचंच एखादं गाव,
होळीला घरी येता येईल.
आणि एक तेलुगू म्हातारा. तो मुंबईत कसा पोचला
ते सरांनाही नक्की नव्हतं.

पहिले आठ दिवस भिवा कुणाच्या हातचं पाणी घेईना.
नवव्या दिवशी घेतलं.
सरांनी यावर एकच ओळ लिहिली होती.
मी म्हटलं, अजून थोडं लिहा की.
ते म्हणाले, तहानेवर किती लिहायचं?

ज झिजला.
जहाज, जहाज, जहाज, दर पानावर पंधरा वेळा.
कारागीर म्हणाला, बाई, एवढे ज कोणत्या खटल्यात लागतात?

म्हाताऱ्याचं बोलणं कुणाला कळत नसे.
एका रात्री तो फळीवर पाण्याच्या बोटानं
वाकडी रेघ ओढत म्हणाला, गोदारि.
सारजा उठून बसली.
तिनं रेघेच्या एका टोकाला बोट ठेवलं,
त्यानं दुसऱ्या.
सर भूगोलही शिकवत. मला म्हणाले,
त्र्यंबकच्या डोंगरावर उभं राहा,
पश्चिमेचा समुद्र हाकेवर आहे.
पण ही बाई त्याच्याकडे पाठ करून निघते
ती थेट राजमहेंद्रीपलीकडे.
ते पान मी दोनदा टाइप केलं.
एकदा विनाकारण.

तीनशे बारावं पान झालं आणि सर आले नाहीत.
आठवड्यानं मुलाचा फोन. पैसे किती राहिले?
बाड मात्र राहू द्या तुमच्याकडेच,
इथे फ्लॅटमध्ये जागा नाही.

शेवटचा परिच्छेद असा:
वारा पडलेला. शिडं लोंबलेली.
बारकूला ताप.
पिण्याचं पाणी उरलं अर्धं पिंप.
पूर्णविराम. खाली कोरा कागद.

दोन वर्षं ते बाड लोखंडी कपाटात,
स्टँपपेपरच्या वर.
नदीला पूर आला, ओसरला.
द्राक्षांच्या गाड्या गेल्या.
मी घरी माठ भरताना मोजत राहिले:
चौऱ्याऐंशी माणसं, अर्धं पिंप,
एक ताप.

काल कोर्टाला सुटी होती.
कपाट उघडलं. ब्लेडनं हळूच खरवडलं,
कागद फाटू न देता.
अर्धं च्या जागी दीड.
बाकी काही नाही. वारा मी आणू शकत नाही,
मला कादंबरी लिहिता येत नाही.

पान काढायच्या आधी बोटं सवयीनं
खाली एक ओळ मारून मोकळी झाली:
वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे
खरा व बरोबर आहे.