छत्तीस चित्रं

काम साधं होतं: रोजची एखादी सवय,
तीन सेकंद, आवाज नको,
आणि कुठे संपली ते कळता कामा नये.

मी भाऊंचं कुलूप घेतलं.

चारकोप, सेक्टर आठ, दुसरा मजला.
पहाटे साडेपाचला दुधाला निघताना
ते बाहेरून कुलूप लावतात,
रात्रभर जागून तेव्हाच कुठे माझा डोळा लागलेला असतो.
ओढून बघतात. एकदा. दोनदा.
दोन पायऱ्या उतरतात, परत येतात,
तिसऱ्यांदा ओढतात.

सेकंदाला बारा, म्हणजे छत्तीस चित्रं.
आमचा आकडा तसाही तोच,
पाठीला पाठ लावून बसलेले तीन आणि सहा.
"कार्टून काढून पोट भरतं का गं?"
हे ते पोळीला तूप लावता लावता विचारतात
आणि पोळी माझ्याच ताटात टाकतात.

पहिली वीस भराभर झाली.
डाव्या हातात कापडी पिशवी, बंद तुटून गाठ मारलेली.
उजव्या अंगठ्याचं नख डेपोतल्या नोकरीत चेपलेलं.
चष्मा घसरतो, त्याला दोन चित्रं जास्त.
नवं काढताना मागचं खाली फिकट दिसत राहतं,
त्यामुळे पायरी उतरलेले भाऊ
थोडे दाराशीच उरायचे.

पण फिरवून बघितलं तर उचकी.
दर तीन सेकंदांनी बाबा अडखळला, पुढे गेला, अडखळला.
फोनवर इग्नेशियस हसला,
"शेवटचं चित्र पहिल्यासारखंच काढलंयस.
मग तेच दोनदा येणार ना!
शेवटचं हवं पहिल्याच्या किंचित आधीचं."

पहिल्याच्या किंचित आधी भाऊ काय करतात?

दुपारी त्यांना म्हटलं, जरा करून दाखवा.
त्यांनी शर्ट बदलला, भांग पाडला,
कुलूप एकदाच ओढलं
आणि फोनकडे बघत विचारलं, "झालं?"

दुसऱ्या दिवशी पहाट झाली तेव्हा मी खाटेवर, जागी.
खाड्. खाड्.
सपाता. एक पायरी, दुसरी.
मग काहीच नाही.
इतकी वर्षं ऐकतेय,
ही मधली गप्प जागा कधी मोजली नव्हती.
डोळे उघडले. दाराखालच्या फटीत जिन्यातल्या ट्यूबचा उजेड,
त्यात दोन पावलांची सावली आली
आणि उभी राहिली.
कुलूप हललं नाही.
मी श्वास धरून पडले होते, तेही नुसते उभे.
शेवटी मला खोकला आला, खाट करकरली.
खाड्.
आणि सपाता सरळ खाली, न थांबता, गेटपर्यंत.

छत्तीसच्या छत्तीस चित्रं बाजूला ठेवली.
नख गेलं, पिशवी गेली, चष्म्याचे कष्ट गेले.
आता दार आतून.
दारावर मागच्याच महिन्यात अडकलेलं कॅलेंडर,
शेजारी किल्ल्यांचा रिकामा खिळा,
खाली बोटभर उजेड.
आवाज नाही, म्हणून कॅलेंडरचं पान उडतं:
एकदा. दोनदा.
सावली जाते.
सावली येते, उभी राहते.
तिसरा ओढा वेगळा काढलाच नाही,
पुन्हा पहिलं चित्र लागतं तोच तिसरा.
शेवटच्यात पान अजून हललेलं नाही.

उचकी थांबली.

भाऊंना दाखवलं. पाच-सहा फेऱ्या बघून म्हणाले,
"यात मी कुठाय?"
मी फटीवर बोट ठेवलं.
"हं."
चष्मा वर सरकवला. आणखी चार फेऱ्या. आणखी दोन.
"मग हा माणूस
दूध कधी आणणार?"