मालकांचं मत

गाडी कशी आहे, हे सगळे दिगंबरला विचारतात.
चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सोहारच्या मंडळातल्या बायकांनी
मलाच गाठून विचारलं,
काय म्हणतात मालक? खूश?

मुल्कियावर नाव माझं आहे.
हप्ता माझ्या पगारातून जातो, पंचवीस तारखेला.
साठातले चार गेले.
ड्रमच्या टेस्टला मी तीनदा नापास झाले,
मागे घेताना डावा पिंप दर वेळी आडवा,
आणि शुर्ता खिडकीशी वाकून अगदी हळू म्हणायचा,
बुक्रा, सिस्टर. उद्या.
चौथ्यांदा पिंप उभा राहिला.
मी उतरून त्याला हात लावून आले.

तर मतं.

इस्माईल परकारांची हीच गाडी, राखाडी, दीड वर्षाची.
बॉनेटवर थाप मारून सांगतात,
"वयनी, डिकी बगा डिकी!
तीस-तीस किलोच्या दोन ब्यागा, वर ब्लँकेटा,
तरी झाकान लागता."
दापोलीला जायची तारीख त्यांच्या डोक्यात बारा महिने असते.
ते कुठलीही गाडी मागूनच बघतात.

फार्मसीतली शम्सा म्हणते, हिचं पोट फार खाली आहे,
गतिरोधकाला घासेल.
आणि वादीत पाणी दिसलं तर थांब,
घोटाभर असलं तरी थांब.
तिच्या मामाची गाडी खजुराच्या बागेत सापडली होती,
आरसे शाबूत.

बिन्सी म्हणते, पांढरी कशाला घेतलीस?
पार्किंगमध्ये अकरा पांढऱ्या.
खरंय. परवा मी भलत्याच दाराशी चावी दाबत उभी,
आतला माणूस शांतपणे केळं खात होता.

सासूबाई सांगलीहून, स्क्रीनवर नुसतं कपाळ:
नारळ फोडलात ना?
फोडला, फुटपाथच्या कडेवर.
वॉचमन रफीकनं अर्धी वाटी नेली.
त्याचं मत, खोबरं गोड होतं.

निषाद म्हणतो, मधल्या सीटखाली उंचवटा आहे, पाय मावत नाहीत.
मागे तो एकटाच बसतो.

एसीवर मात्र सर्वांचं एकमत.
जुलैत दुपारी चारला स्टिअरिंग टॉवेलनं धरावं लागतं,
पण तीन मिनिटांत मागच्या काचेपर्यंत गारवा.
आणि शेजारच्या सीटवर दहा किलो तांदूळ ठेवला
की गाडी ओरडायला लागते, पट्टा लावा, पट्टा लावा.
लावते मी. तांदूळ सुखरूप घरी येतो.

दिगंबरचं मत वहीत आहे.
दर टाकीला तो किलोमीटर लिहितो, लिटर लिहितो,
भागाकार करतो, पेन्सिल कानाला अडकवतो.
"सोळा सांगितलं होतं. बाराच्या वर जात नाही.
कुठेतरी पेट्रोल मुरतंय."

मला माहीत आहे कुठे.

रात्रपाळी सहाला सुटते.
घर डावीकडे. मी उजवीकडे वळते,
मासळीबाजार मागे टाकून, जिथे डांबर संपतं तिथपर्यंत.
इंजिन बंद करत नाही, काच धुरकटते नाहीतर.
चपला काढते. सीट दोन खटके मागे.
रात्रभर मोजलेल्या गोळ्या
एकेक करून बोटांतून उतरतात.
एक म्हातारा जाळं झटकतो, माझ्याकडे बघत नाही,
त्याबद्दल मी त्याची फार आभारी आहे.
वीस मिनिटं. कधी पंचवीस.
मग सीट दोन खटके पुढे.

काल सर्व्हिसिंगला गेलो.
काउंटरवरच्या मुलानं फॉर्म दिगंबरपुढे ठेवला:
मालकाचे मत.
त्यानं चष्मा लावला, पहिली ओळ वाचली,
आणि कागद माझ्याकडे सरकवला.
"गाडी तिची आहे," त्या मुलाला म्हणाला.
मग मला, हळूच,
"पेट्रोलचं तेवढं नीट लिही हं."

लिहिलं मी.
पेट्रोल: समाधानकारक.
मागची सीट: मुलाला विचारावे.
इतर सूचना, तिथे पेन जरासं थांबलं,
काही नाहीत.